मोरीकडे जाणारी हिरवळ

माझ्या भाऊजींनी गोल्फ खेळायचं ठरवलं त्या दिवशी ते घरात हळू आवाजात बोलले. हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही, कारण तुम्ही माझ्या भाऊजींना ऐकलेलं नाही. सतराव्या वर्षी ते धुळ्याकडून सुरतेला आले आणि पुढची पंधरा वर्षं मागावर उभे राहिले. ज्या खात्यात शेकडो लूम एकदम खडखडतात तिथे माणूस एक तर मुका होतो, नाहीतर भोंगा. भाऊजी भोंगा झाले. आज कडोदऱ्याला त्यांचे स्वतःचे लूम आहेत, कामरेजच्या बाजूला बंगला आहे, दारात दोन गाड्या आहेत. पण "जरा मीठ दे" हे ते अजूनही खात्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सांगावं तसंच सांगतात. ताईच्या भाजीत मीठ कधी कमी पडलं हे शेजारच्या तीन बंगल्यांना तोंडपाठ आहे.

असे भाऊजी एका रविवारी घरात आले, सोफ्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "चहा टाकतेस का?"

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावली. "अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"प्रॅक्टिस करतोय," भाऊजी म्हणाले.

झालं होतं असं. ज्यांच्याकडून भाऊजी वर्षानुवर्षं सूत घेतात ते शेठ त्या सकाळी त्यांना आपल्या गोल्फच्या क्लबात घेऊन गेले होते. तिथे मोठमोठी माणसं पांढऱ्या टोप्या घालून शांतपणे चालत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि तरीही, भाऊजींच्या म्हणण्यानुसार, धंद्याचं सगळं ठरत होतं. एक गृहस्थ नेम धरून उभे असताना भाऊजींनी पलीकडच्या शेठना विचारलं की एवढ्या गवताला पाणी कोण घालतं. नेम धरलेला चेंडू तळ्यात गेला. सगळ्या टोप्या भाऊजींकडे वळल्या. त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, आपला आवाज मोठा आहे हे भाऊजींना कळलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही ताईला जे सांगता आलं नव्हतं ते पांढऱ्या टोप्यांनी एका नजरेत सांगितलं.

दुसरा कोणी असता तर परत तिकडे फिरकला नसता. भाऊजींनी येतानाच क्लबाचा फॉर्म आणला. सभासद व्हायचं तर जुन्या सभासदाची सही लागते. शेठ म्हणाले, "सही करीश ने, पण पहेला थोडुं रमता शीखो." आधी थोडं खेळायला शिका, मग सही. एवढं ऐकून भाऊजींनी बंगल्याच्या मागच्या अंगणात पटिंग ग्रीन बसवायचा निर्णय घेतला.

पटिंग ग्रीन म्हणजे काय, हे मला भाऊजींनीच समजावलं. गोल्फमध्ये लांबलांब टोले मारून झाले की शेवटी चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा असतो. ती भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. खऱ्या गवताची निगा राखायला माळी लागतो, म्हणून घरी लोक प्लास्टिकची बसवतात. "मी खरं सांगतो," भाऊजी म्हणाले, "सगळी गंमत त्या शेवटच्या चार हातांत आहे."

मी मान डोलावली. माझा धंदा साड्यांना नावं ठेवण्याचा आहे, म्हणजे खरोखरच. सुरतेत साडीचं नवं कॅटलॉग निघालं की त्याला नाव लागतं आणि ते नाव मी देतो. ज्या माणसाने एकाच पोपटी रंगाला आजवर अकरा नावं दिली आहेत त्याला प्लास्टिकच्या गवताला हिरवळ म्हणायला काय अडचण असणार? मी लगेच दोन-चार नावं सुचवलीसुद्धा. ताई मात्र हातातलं पीठ चोळत उभी होती.

"आणि माझी चूल?" ती म्हणाली.

हे अंगण रिकामं नव्हतं. त्याच्या एका कोपऱ्यात ताईची चूल होती, आणि चुलीवर खापर. खानदेशातल्या माणसाला खापर सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. ते मातीचं मोठं, पालथं भांडं. त्याच्या फुगीर पाठीवर पुरणाचा मांडा भाजतात. मांडा लाटायचा नसतो. दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि एका झटक्यात खापरावर पसरायचा. ही वस्तू गॅसवर होत नाही, गच्चीच्या वाऱ्यात होत नाही आणि घाईत तर मुळीच होत नाही. आठ वर्षांपूर्वी लिंबायतची खोली सोडून बंगल्यात यायला ताई तयार नव्हती. तिथे भिंतीला भिंत लागून नऊ मैत्रिणी होत्या. शेवटी एका अटीवर ती आली: मागचं अंगण माझं, त्यात चूल माझी, आणि दर आखाजीला त्या नऊजणी इथे मांडे करायला येणार. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळी चुकली तर चालते, आखाजी नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, आमरस आणि मांडे होतात. त्या नऊजणींना माहेर खूप लांब आहे, काहींना तर उरलेलंच नाही. ताईचं अंगण हेच त्यांचं माहेर झालं होतं.

आणि आखाजी पाच आठवड्यांवर आली होती.

"चूल गच्चीवर घेऊ," भाऊजी म्हणाले.

"गच्चीवर सोलर आहे. टाकी आहे. डिशची छत्री आहे. तिथे मी बसू का खापर बसवू?"

"मग पुढच्या वर्षी बघू."

ताई आत गेली आणि परातीत पीठ आपटू लागली. तो आवाज आला की मी पंख्याकडे बघतो. रात्री जेवायला वाढताना तिने भाऊजींना पहिली भाकरी दिली, त्यांनी ती मोडून तुकडा हातात घेतला, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. हातात भाकरी आहे. आता बोला, शेठची सही झाली नाही तर?"

भाऊजींचा हात ताट आणि तोंड यांच्या मध्ये राहिला. आमच्याकडे हातात अन्न असताना दिलेला शब्द मोडत नाहीत. कोर्टात खोटं बोलणारे लोक मी पाहिले आहेत. भाकरी हातात धरून खोटं बोलणारा अजून पाहिला नाही.

"झाली तर?" भाऊजींनी विचारलं.

"झाली तर माझी चूल गेली. मी तोंडातून शब्द काढणार नाही. नऊजणींना मीच फोन करीन, येऊ नका म्हणून."

"आणि नाही झाली तर चूल होती तिथे, आखाजीच्या आधी," असं म्हणून भाऊजींनी तुकडा खाल्ला. त्यांना खात्री होती. मलाही होती. इतकी, की मी ताईला बाजूला घेऊन समजूत घालायला गेलो. ती म्हणाली, "तू साड्यांना नावं दे."

पुढच्या आठवड्यात अहमदाबादहून हिरवळवाला आला. कंपनीचं नाव सांगायचं कारण नाही. माणूस भला होता. पायात जाड बूट, हातात नकाशा, बॅगेत गवताचे सात नमुने. त्याने ते टेबलावर मांडले आणि भाऊजी खुलले, कारण हे त्यांच्या हद्दीतलं होतं. चाळीस वर्षं धागा ओळखण्यात गेलेला माणूस. त्यांनी पहिला नमुना उलटा केला, पाठ पाहिली, बोटाने लव एका बाजूने चोळली, मग उलट बाजूने चोळली, आणि विचारलं, "डेनियर किती?"

धाग्याच्या जाडीचा हा प्रश्न हिरवळवाल्याला कोणत्याही बंगल्यात आजवर आला नसावा. तो कागद चाळू लागला. तोवर भाऊजींनी नमुन्यातलं एक पातं उपटलं, खिशातून काडेपेटी काढली आणि पेटवलं. सुरतेच्या बाजारात सूत ओळखायची ही जुनी रीत आहे. धागा जाळायचा, धुराचा वास घ्यायचा, विझल्यावर जो मणी उरतो तो चिमटीत चोळायचा.

"साहेब, ये क्या कर रहे हो?" हिरवळवाला उभा राहिला.

"नायलॉन," भाऊजी मणी चोळत म्हणाले. "चांगलं आहे. पण ठिणगी लागली की वितळणार."

"गोल्फ में चिंगारी कहाँ से आएगी, साहेब?"

दारात उभ्या असलेल्या ताईने हे ऐकलं.

नमुना ठरला. मग हिरवळवाल्याने नकाशा उघडला आणि सांगितलं की खरं काम गवताचं नसतं, खालचं असतं. माती काढायची, खडी भरायची, वर बारीक कच, रोलरने दाबायची, आणि त्यात अगदी हलके चढउतार ठेवायचे, नकाशात आहेत तसे. इथे भाऊजींचा अभिमान जागा झाला. "खालचं काम आमचा माणूस करेल," ते म्हणाले. हिरवळवाल्याने एका कागदावर त्यांची सही घेतली, की पाया घरमालकाने करून घेतला आहे. भाऊजींनी ती सही मोठ्या झोकात केली. सही ह्या गोष्टीवर तेव्हा त्यांचं फार प्रेम बसलं होतं.

आमचा माणूस म्हणजे आमच्याच तालुक्यातला म्हातारा मिस्तरी. ह्या बंगल्याची प्रत्येक फरशी त्याने बसवली आहे आणि ताईची चूलही त्यानेच घातली होती. तो आला, पान थुंकायला बाहेर गेला, परत आला आणि नकाशा हातात न घेता लांबूनच पाहिला, परक्याच्या मुलीचा फोटो पाहावा तसा. मग ताईकडे वळला. "ताई, चूल मोडू?"

"मोड," ताई म्हणाली. "विटा टाकू नको. मोजून ठेव."

त्याने विटा नळामागे रचून ठेवल्या. खापर ताईने स्वतः उचलून देवघराशेजारी नेलं आणि त्यावर जुनं लुगडं घातलं.

मिस्तरीने चार दिवस काम केलं आणि मी चारही दिवस देखरेखीला होतो. म्हणजे सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. खडी आणि कच त्याला पटली नाही. "हाई काय मुंगीसना घर से का?" असं म्हणून त्याने सरळ काँक्रीट ओतलं आणि ते आरशासारखं घोटलं. घोटून झाल्यावर दोरी लावली, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला आणि कोपऱ्यातल्या मोरीकडे ढाळ दिला. जुन्या अंगणाला होता तोच. मी खुर्चीतून म्हणालो, "मिस्तरी, नकाशात वेगळं आहे."

त्याने मिटलेला डोळा न उघडता विचारलं, "भाऊ, ढाळ नही दिधा ते पानी कथा जाई?"

पाणी कुठे जाईल? मी खुर्ची सावलीत आणखी मागे सरकवली.  ज्या माणसाने पन्नास वर्षांत एकही न्हाणी, एकही गच्ची, एकही ओटा बिनढाळाचा सोडला नाही, त्याला अंगण सपाट ठेव म्हणणं म्हणजे न्हाव्याला अर्धी मिशी ठेव म्हणणं. तो ठेवेल, पण परत तुमच्या गल्लीत येणार नाही.

काम झाल्याचं पाहायला सगळे जमले. भाऊजी, मी, मिस्तरी, त्याची बायको, मागे ताई. आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर नीट लक्ष द्या, कारण एवढ्या लोकांत एकाच्याही मनात गोल्फचा चेंडू आणून टाकावा असं आलं नाही. भाऊजींनी एक बादली भरून आणली. वरच्या टोकाला उभे राहिले आणि पाणी ओतलं. पाणी आधी भिंतीकडे गेलं, भिंतीला लागून थोडं वळलं, मग एका धारेत, मध्ये कुठेही न रेंगाळता, सरळ मोरीच्या जाळीत उतरलं. थेंब मागे राहिला नाही.

"वा," भाऊजी म्हणाले, आणि ते कुजबुजण्यात बसत नव्हतं.

मिस्तरीने दाढीवरून हात फिरवला. सर्वांत मोठ्याने वाहवा मी केली, हे इथे कबूल करतो.  ताई तेवढी पाणी गेलं त्या वाटेकडे बघत होती, ओळखीचं माणूस गल्लीतून जाताना बघावं तशी.

हिरवळवाला रोल घेऊन आला तेव्हा त्याने आधी लेव्हल मांडली. काचेच्या नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला आणि तिथेच बसून राहिला. तो बराच वेळ बुडबुड्याकडे पाहत होता.

"साहेब, यहाँ बॉल रुकेगा नहीं."

"पाणी पण थांबणार नाही," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

हिरवळवाल्याने बॅग उघडून तो सही केलेला कागद आत आहे ना ते तपासलं आणि कामाला लागला. लव एकाच दिशेला ठेवून पट्टे जोडले, वर पांढरी वाळू पसरून ब्रशने आत घातली, काँक्रीट फोडून तीन भोकं पाडली आणि त्यांत तीन छोटे झेंडे उभे केले. मोरीची जाळी तेवढी उघडी ठेवली. जाताना तो मला म्हणाला, "शुभेच्छा." हा शब्द त्याने मराठीत म्हटला, बहुधा खास माझ्यासाठी शिकला असावा.

आता तुम्ही म्हणाल, त्यानंतर तरी कोणी एकदा चेंडू टाकून पाहिला असेल. नाही पाहिला. चेंडू आणि ती दांडी, जिला पटर म्हणतात, दोन्ही देवघरात होती. भाऊजींनी पहिला लूम घेतला तेव्हा पूजेआधी त्याला हात लावला नव्हता. पहिली गाडी घेतली तेव्हा लिंबू चिरडल्याशिवाय चाक फिरवलं नव्हतं. मग ह्या दांडीचा अपमान का करायचा? उद्घाटन शेठच्या हातून व्हायचं होतं. तोवर पटर गणपतीच्या बाजूला, हळदकुंकू लावून, खापराशेजारी एका विटेला टेकून उभा होता. भाऊजी सराव करत होते तो आवाजाचा. दोन आठवड्यांत ते इतके हळू बोलायला लागले की कडोदऱ्याच्या खात्यात कामगार त्यांना तब्येत विचारू लागले.

शेठ रविवारी सकाळी आले, पत्नीला आणि दोन नातवांना घेऊन. पांढरी टोपी, पांढरे बूट, हातात स्वतःचा पटर. माणूस गोड, बाजारात त्यांचं वजन मोठं, आणि आपण चांगले खेळतो हे ते चारचौघांत दर दहा मिनिटांनी, आधी सांगितलेलं विसरून, पुन्हा सांगत. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. समाजाच्या स्नेहसंमेलनांत मी वीस वर्षं माईक धरला आहे. इथे माईक नव्हता, पण मी हात तसाच धरला होता. मी हिरवळीचं नामकरण केलं, नारळ फुटला, पाणी मोरीत गेलं. क्लबाचा फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टीपॉयवर होता, सहीच्या जागी पेन्सिलीने छोटी फुली केलेली, पेन शेजारी.

शेठनी चेंडू ठेवला, नेम धरला. भाऊजींनी श्वाससुद्धा धरला. शेठनी हलकेच ढकललं.

चेंडू झेंड्याच्या दिशेने निघाला. हाताच्या अंतरावर आला, जरा विचार केल्यासारखा झाला, मग वळला आणि वेग घेत मोरीकडे गेला. जाळीवर टक्क वाजलं.

"आ तो टफ छे," शेठ खूश होऊन म्हणाले. "सरस."

दुसरा चेंडू. टक्क. तिसरा त्यांनी दुसऱ्या बाजूने मारला. तो आधी चढला, आणि मी म्हणणार होतो की आता गेला, तेवढ्यात तो फिरला आणि सावकाश, सगळ्यांना दर्शन देत, मोरीकडे आला. टक्क. चौथ्याला शेठनी टोपी काढली. सहाव्याला त्यांनी पटर बदलून भाऊजींचा घेतला, त्याच्या मुठीचं कुंकू त्यांच्या पांढऱ्या पँटला लागलं. आठव्याला धाकटा नातू मोरीजवळ जाऊन बसला आणि चेंडू येण्याआधीच "टक्क" म्हणू लागला. शेठच्या पत्नी हसल्या. त्यांचं चुकलं नाही; पण नवरा घामाघूम असताना बायको हसली की पुढचा नेम कधीच बरोबर बसत नाही, मग खेळ कोणताही असो.

बारा चेंडू झाले. भाऊजी इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाले की कोणालाच ऐकू गेलं नाही.

ह्या वेळी ताई सरबताचा ट्रे घेऊन आली. शेठना विषय बदलायचा होता, हात मोकळे करायचे होते आणि आपल्याहून वाईट खेळणारं कोणीतरी पाहायचं होतं. त्यांनी पटर पुढे केला. "बेन, हवे तमे रमो."

"नको," ताई म्हणाली. "मला कुठे येतं?"

"अरे, ट्राय तो करो."

"नको हो, पाहुणे."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने ट्रे ठेवला, पदर खोचला आणि पटर घेतला. धरला तो दोन्ही हातांनी, खराटा धरतात तसा. मग तिने काय केलं म्हणता? झेंड्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड केलं. मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "ताई, भोक तिकडे आहे."

"मला दिसतंय," ती म्हणाली आणि ढकललं.

चेंडू भिंतीकडे गेला. भिंतीला लागून थोडा वळला. मग ज्या वाटेने आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ तिच्या बादलीतलं पाणी गेलं होतं त्या वाटेने, कुठेही न रेंगाळता, निघाला. फरक इतकाच की आता त्या वाटेवर मधलं भोक होतं. चेंडू त्यात पडला. आवाजही वेगळा आला, भरीव.

"नसीब," शेठ म्हणाले. "फरी मारो."

ताईने परत मारला. परत भिंत, परत वळण, परत भोक. नातवांनी टाळ्या वाजवल्या. शेठच्या पत्नी म्हणाल्या, "वाह बेन, आमने शीखवाडो ने." ह्यांना शिकवा की. त्या वाक्याने शेठचं नाक कापलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. शेठनी टोपी डोक्यावर ठेवली, घड्याळ पाहिलं, आणि एकाएकी त्यांना चलथाणला कोणाकडे तरी जायचं आठवलं. भाऊजी फोल्डर घेऊन गाडीपर्यंत गेले. पेन उघडून हातात धरलेलं होतं.

"फॉर्म नुं पछी जोईए," शेठ म्हणाले आणि काच वर केली.

नंतर बघू. सुरतेच्या बाजारात ज्याने दोन दिवस काढले आहेत त्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथे नकार कोणी तोंडावर देत नाही; 'पछी जोईए' म्हणतात आणि काच वर करतात.

भाऊजी परत आले ते थेट अंगणात. ताई सरबताचे ग्लास गोळा करत होती.

"तू मुद्दाम केलंस," ते म्हणाले. पूर्ण आवाजात. तीन बंगल्यांच्या खिडक्यांना कान फुटले.

"मी काय केलं? त्यांनी खेळा म्हटलं, खेळले."

"तुला येत होतं तर मला आधी का नाही सांगितलंस? ढाळ भिंतीवरून फिरतो हे?"

"आठ वर्षं हे अंगण मी धुतलंय," ताई म्हणाली. "तुम्ही अहमदाबादहून माणूस आणलात, नकाशा आणलात, ह्याला खुर्ची टाकून बसवलंत. मला कोणी विचारलं का, पाणी कसं जातं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंडे मोजू लागलो. तीन होते.

 रात्री जेवायला बसल्यावर भाऊजींनी भाकरी मोडली, तुकडा हातात घेतला, आणि तो तसाच धरून स्वतःहून म्हणाले, "उद्या मिस्तरीला बोलावतो." ते एक वाक्य त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हळू म्हणाले. ताईने त्यांच्या ताटात तूप वाढलं, जरा जास्तच.

मिस्तरी आला. त्याने पट्टी लावून कोपऱ्यातलं गवत कापलं, खालचं काँक्रीट खरवडलं आणि नळामागच्या विटा मोजून चूल परत घातली. एक वीट कमी भरली. ती भाऊजींनी पटर टेकवायला नेली होती.

आखाजीला नऊजणी दोन रिक्षांतून आल्या. हिरवळ पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि लगेच पुन्हा बाहेर गेल्या, कारण उन्हात ते गवत तव्यासारखं तापतं. हे हिरवळवाल्याने सांगितलं नव्हतं. मग पाण्याच्या बादल्या ओतल्या, पाणी भिंतीवरून फिरून मोरीत गेलं, आणि सगळ्या ऐसपैस बसल्या. चूल पेटली. खापर तापलं. ताईच्या हातावर पहिला मांडा फिरायला लागला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायला मला शरम वाटली. एवढ्यासाठी पाच आठवडे ही बाई श्वास धरून होती आणि मी नामकरण करत होतो.

लाकडं ओलसर होती, तडतडत होती. ठिणगी उडाली की गवतावर पडायची आणि एक लहानसं काळं भोक पडायचं. काडेपेटीच्या परीक्षेत भाऊजींनी सांगितलं होतं तसंच. त्या एका दिवसात शेठच्या अख्ख्या क्लबात असतील त्याहून जास्त भोकं आमच्या अंगणात झाली. एका झेंड्याची काठी उपटून त्या नऊजणींतल्या एकीने कावळे हाकायला घेतली.

भाऊजी आमरस आणि चार मांडे खाऊन उठले. हात धुतले. थोडा वेळ दारात रेंगाळले आणि मग, कोणी बघत नाही असं समजून, पटर घेऊन अंगणाच्या वरच्या टोकाला गेले. झेंड्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड केलं. ढकललं. चेंडू भिंतीला लागला आणि भोकाच्या कडेवरून मोरीत गेला. टक्क.

दुसरा ठेवला. ताई खापराकडे तोंड करून बसली होती, कोपरापर्यंत मांडा होता, मागे वळायची सोय नव्हती.

"अजून डावीकडे," ती म्हणाली.

भाऊजी डावीकडे सरकले. त्यांचा तो चेंडू कुठे गेला ते मी पाहिलं नाही. माझ्या ताटात पाचवा मांडा पडला होता. पण पाठोपाठ भाऊजींचा जो आवाज आला तो खात्यातला होता, आणि तो ऐकून शेजारच्या तीनही बंगल्यांच्या खिडक्या उघडल्या.